चार कोपऱ्यांतले बाण

प्रांजलने हो म्हटलं, यावर घरातल्या कुणाचाच विश्वास बसला नव्हता. लेक पाच वर्षांची होईपर्यंत जिने तिला मोबाइलला बोट लावू दिलं नाही, जिने टीव्हीपासून सहा लाद्यांवर खडूने रेघ मारून 'या रेघेच्या पुढे यायचं नाही' असा दम भरला होता, जेवताना कार्टून लावलं म्हणून जिने सख्ख्या आत्याशी, म्हणजे सासूशीच, दोन दिवस अबोला धरला होता, तीच प्रांजल आज सकाळपासून टीव्हीखालचं कपाट पुसत होती. का, तर गेमच्या कन्सोलला जागा हवी!

"सूर्य खयसून उगवलो गो आज?" दशरथ पेपराआडून म्हणाले. गिरणी बंद पडून पस्तीस वर्षं झाली, पुढे अंधेरीच्याच औद्योगिक वसाहतीत रखवालीत वीस गेली, पण सुनेशी मस्करी करायची वेळ त्यांनी कधी चुकवली नव्हती. "रेघ पुसलंस काय?"

"वाढदिवस आहे तिचा, बाबा. एक दिवस चालतंय."

"एक दिवस! चाळीस हजाराचो डबो एक दिवसासाठी?"

फडकं पिळायला म्हणून प्रांजल मोरीत गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

तीन आठवडे झाले होते. डोळ्यांच्या हॉस्पिटलात तीर्थाला अंधाऱ्या खोलीत बसवून, डोळ्यांत थेंब घालून, पापण्यांना तारा लावून तासभर तपासलं होतं. नंतर डॉक्टरबाईंनी तिला बाहेर टाकीतले मासे बघायला पाठवलं आणि मग आईवडिलांना सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे. कडा आधी जातात, मधलं शेवटी. रात्रीचं आत्ताच कमी दिसतंय. दहा वर्षं म्हणा, पंधरा म्हणा, नक्की कुणीच सांगणार नाही. औषध नाही. चष्म्याने काही होणार नाही.

परतताना गुंदवलीच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिचा नवरा सर्वेश म्हणाला, "तिला तो गेम हवाय ना? वाढदिवसाला आणूया."

"सर्वेश, डोळे..."

"कशासाठी सांभाळायचे आता? सांग ना! जोवर दिसतंय तोवर बघू दे तिला. रंग बघू दे, गाड्या बघू दे, काय वाटेल ते बघू दे." मग जरा वेळाने, हात जोडल्यासारखं, "आणि घरी नको सांगू यार. आईबाबांना नको. वाढदिवस होऊन जाऊ दे. तेवढं कबूल कर."

तिने कबूल केलं होतं. आज रविवार, आज वाढदिवस. दिवस मावळेपर्यंत तोंड मिटून राहायचं, एवढंच तिचं आजचं काम होतं.

नंदकुमार अकराला आला. सर्वेशचा थोरला भाऊ, पण प्रांजलला तो दीर होण्याआधीपासून नंदूदादाच. स्टुडिओंमध्ये केबली ओढण्यात वीस वर्षं गेलेला माणूस. वायर दिसली की बाह्या वर. बायको कल्याणला माहेरी गेली होती, मुलगा मिथुन क्लासला, म्हणून एकटाच आला होता, पण आवाज चौघांचा घेऊन.

"बड्डे गर्ल! इकडे ये. हा डबा कोणी उघडायचा?"

"मी!" तीर्था आतल्या खोलीतून धावत आली आणि दाराशी ठेवलेल्या नंदकुमारच्या बॅगेला अडखळून पडता पडता राहिली.

"डोळे काय कपाळाला लावलेस काय गं?"

सर्वेशने चटकन बॅग उचलून बाजूला ठेवली. प्रांजलने त्याच्याकडे बघितलं नाही. तिला ठाऊक होतं की तोही बघत नाहीये.

नंदकुमारने टीव्ही भिंतीपासून पुढे ओढला, मागे मुंडकं घातलं, पाठीमागची धूळ बघून घरातल्या बायकांना दोन टोमणे मारले, वायर खोचली, एक्स्टेन्शन बोर्डाला शिव्या घातल्या, तो बदलला. तीर्था मांडी घालून त्याच्या शेजारी. एकेक वस्तू पिशवीतून काढून मांडीवर ठेवायची आणि तिच्यावरून बोटं फिरवायची. कंट्रोलरची बटणं तिने डोळे मिटून मोजली.

"हे त्रिकोण, हे गोल," ती म्हणाली. "न बघता कळतंय बघ, काका."

प्रांजल रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालू लागली.

"चल, आता बटण दाब," नंदकुमार म्हणाला.

"थांब!" दशरथ उठले. पेपराची घडी झाली, टोपी डोक्यावर आली. "गाऱ्हाणा घातल्याशिवाय ह्या घरात मिक्सर चालू झाल्लो नाय, तो ह्यो डबो होतलो? शेवंते, नारळ हाड."

"बाबा, वाय-फायवर चालतं ते. देवावर नाही," सर्वेश म्हणाला.

"तुझो वाय-फाय तरी कोणाच्या कृपेन चालता? गप उभो रव."

सासू शेवंती वड्यांचं पीठ लागलेल्या हातानेच नारळ घेऊन आली. कन्सोलसमोर पाटावर नारळ, त्यावर कुंकू. सगळे उभे राहिले. तीर्थाला हे सगळ्यात आवडायचं. ती पाटाच्या अगदी जवळ, हात जोडून, हसू दाबत.

दशरथांनी घसा साफ केला. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" घर म्हणालं.

"गावच्या रवळनाथा, राखणदारा, वाटेवरच्या म्हापुरुषा! आज तुझ्या लेकरांनी ह्या अंधेरीच्या घरात नवीन... काय रे नाव ह्येचा?"

"कन्सोल, बाबा."

"...कन्सोल हाडलेलो आसा. तो सुखान चालांदे, लाइट जावची नाय, वायर जळाची नाय!"

"व्हय म्हाराजा!" नंदकुमार सर्वांत मोठ्याने.

"माझी नात तीर्था आज आठ वर्षांची झाली. तिच्या हाताक यश दी. तिच्यार कोणाची वाकडी नजर पडली आसात, तर ती आल्या वाटेन परत धाड. तिका चांगले दिवस दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

प्रांजलचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. तिने बाजूला पाहिलं. सर्वेशचेही ओठ नुसतेच हलत होते.

बटण दाबलं. निळा उजेड, मग सूर, मग काळ्या पडद्यावर पांढरी चौकट. नंदकुमारने इंग्रजी वाचून मराठीत हुकूम सोडला. "तीर्थू, ही पहिली परीक्षा. चार कोपऱ्यांत चार बाण आहेत. चारही एकाच वेळी पूर्ण दिसले पाहिजेत. नाही दिसले तर हे बटण दाब, चित्र लहान होतं. दिसले की ओके. मान हलवायची नाही, मधे बघायचं."

नारळाचा पाट मागे सरकवून तीर्था खडूच्या रेघेवर बसली, तिच्या नेहमीच्या जागी. मधे बघितलं. बटण दाबलं. चित्र आकसलं. आणखी दाबलं.

"अगं बस की!" नंदकुमार म्हणाला.

"नाही दिसत अजून."

पुन्हा. चित्राच्या चारही बाजूंना काळी पट्टी आली, वीतभर झाली. त्यापुढे यंत्र आणखी लहान करेना.

"दोनच दिसतायत," तीर्था म्हणाली. "हा बघितला की तो जातो."

"काय गंमत करतेस काय?"

"नाही काका, खरंच!" आणि मग, जशी कुणी कॅमेऱ्यात सगळे मावावेत म्हणून मागे सरकतं तशी, ती उठून मागे सरकू लागली. डोळे टीव्हीच्या मधावर. एक पाऊल, दोन पावलं. पाटाला पाय लागला, नारळ गडगडला. कोचाच्या कडेला हात धरत ती आणखी मागे गेली, आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या लादीवर उभी राहून आनंदाने ओरडली,

"आता दिसतायत! चारही!"

नंदकुमार हसायला लागला. "अरे, ही टीव्ही बघायला शेजारच्या सोसायटीत जाणार!"

सर्वेशही हसला, ते हसू बघवत नव्हतं. प्रांजल एकेक लादी मोजत होती. रेघेपर्यंत सहा. दारापर्यंत अकरा.

आणि त्याच वेळी दशरथ, नारळ उचलता उचलता, सहज बोलून गेले, "लवू अशीच मान करी. ताटातली वाटी बघूक सगळो फिरा."

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला.

"कायतरी बोलू नुको!" शेवंती आतूनच ओरडली. "बरा-वाईट कळता काय? वाढदिवसाच्या दिवशी मेलेल्याचा नाव!"

यंत्राला मात्र आणखी काही हवं होतं. काहीतरी उतरवून घ्यायचं होतं इंटरनेटवरून. पडद्यावर एक बारीक पट्टी आली आणि तिच्याखाली आकडा. 'एक तास पन्नास मिनिटं,' नंदकुमारने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "वाट लागली! चला, तोवर कोंबडीवडे."

तीर्था टीव्हीसमोर जाऊन बसली, तिथून हलली नाही. पट्टी भरताना तिला बघायची होती. "मी सांगते किती झालं ते," ती म्हणाली. "चार टक्के!"

प्रांजल स्वयंपाकघरात गेली.

शेवंती वडे तळत होती. पाठ फिरवलेली. झाऱ्याने वडा दाबायची, तो फुगायचा, काढायची. हातात चूक नव्हती. फक्त आधीचा एक वडा तिने तेलातच विसरलेला, काळा होऊन तो कडेला तरंगत होता.

"आत्या," प्रांजल म्हणाली. "लवूकाकाला चकवा लागला होता ना?"

ही गोष्ट प्रांजल पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. तिच्या वडिलांचा आणि शेवंतीआत्याचा भाऊ लवू, दशरथांचा त्याच गावातला जुना सोबती. तिन्हीसांजेला मळ्यातून येताना चकव्याने त्याला वाट चुकवली, आपल्याच विहिरीभोवती सात वेळा फिरवलं आणि आत ओढलं. अठ्ठावीस वर्षांचा होता. म्हणून तिन्हीसांजेला पोरांनी उंबऱ्याबाहेर जायचं नाही. म्हणून दरवर्षी मे महिन्यात गावच्या सीमेवर चकव्याला नारळ.

"होय तर," शेवंती म्हणाली.

"मग ताटातली वाटी बघायला तो सगळा का फिरायचा?"

"ह्येंका काय आठवता! म्हातारे झाले."

"आत्या, माझ्याकडे बघ."

शेवंतीने गॅस बारीक केला. पण वळली नाही.

"अकरा टक्के!" हॉलमधून तीर्था.

प्रांजलने ठरवलं नव्हतं. सर्वेशला दिलेला शब्द तिला आठवतही होता. पण डॉक्टरबाईंनी तिच्याकडून कागदावर वंशावळ काढून घेतली होती, ती तिच्या डोळ्यांपुढून जाईना. वर आजा-आजी. त्यांच्याखालच्या रेघांतल्या दोन, एक तात्या, एक शेवंती. तात्यांच्या खाली प्रांजल, शेवंतीच्या खाली सर्वेश. आणि त्या दोन रेघा खाली येऊन पुन्हा एकाच ठिकाणी मिळाल्या, तिथे तीर्था. आत्याच्या घरात भाची सून म्हणून येणं, यात लपवण्यासारखं काय? तिच्या लग्नात सगळ्या बायका म्हणाल्या होत्या, पोर नशिबाची, सासूच्या नाही, आत्याच्या पदराखाली चालली. डॉक्टरबाई त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, घराण्यात कुणाला संध्याकाळनंतर कमी दिसायचं? आणि प्रांजलने, बीएस्सी झालेल्या प्रांजलने, छाती काढून सांगितलं होतं, नाही, कुणालाच नाही.

"तीर्थाचे डोळे जाणार आहेत, आत्या," ती म्हणाली. "कडेकडेने. हळूहळू. उपाय नाही."

झारा तेलात पडला. शेवंतीने उघड्या हाताने तो धरायला बघितलं, आणि चटका बसला तरी हात लगेच मागे घेतला नाही. मग वळली. तिचा चेहरा बघून प्रांजलला वाटलं, आपण हिला काही नवीन सांगितलेलंच नाही.

"कधीपासून?" शेवंतीने विचारलं.

"तुला माहीत होतं."

"नाय गो. देवाशपथ नाय. पोरीचा नाय माहीत." ती ओट्याला टेकली. "लवूचा माहीत होता."

"सांग."

"काय सांगू? दिवसा दिसायचा तेका. समोरचा दिसायचा. सुईत दोरो ओवायचो तो माका. पण बाजूचा नाय. आणि तिन्हीसांज झाली की भिंत धरून चालायचो. आम्ही तेका बाहेर सोडत नव्हतो. त्या दिवशी गायीक हाडूक गेलो..." तिने पदर तोंडाला लावला. "तेका विहीर दिसली नाय, प्रांजू. चकवो नाय, काय नाय. दिसली नाय."

"मग चकवा कुठून आला?"

"आयेन हाडल्यान." शेवंती आता कुजबुजत होती. "अजून मयत उचलूक नव्हता, तेव्हाच सांगल्यान सगळ्यांका. चकवो म्हणा. मी एकोणीस वर्षांची, माझ्यामागे आणखी दोघी. ह्या घरात डोळे जातत असा गावभर झाला असता तर कोण दारात उभा रवला असता?"

"अठरा टक्के! आजोबा, अठरा!"

पण आजोबा हॉलमध्ये नव्हते. दशरथ दारात उभे होते, हातात फोडायचा राहिलेला तो नारळ. त्यांच्यामागे सर्वेश.

"म्हणजे?" दशरथ म्हणाले. आवाजात मस्करीचा टिपूस नव्हता. "माका पण चकवोच सांगलास?"

शेवंतीने गॅस बंद केला.

"लगीन करून इलंय त्या वर्षापासून मे महिन्यात गावाक जातंय. गिरणीतून रजा मिळत नव्हती तेव्हा पगार कापून गेलंय. सीमेवर चाळीस वर्षां नारळ दिलंय मी तुझ्या चकव्याक. चाळीस वर्षां, शेवंते! कोणाक दिलंय मी ते?"

"प्रांजल," सर्वेश दात आवळून म्हणाला, "तू शब्द दिला होतास."

"दिला होता."

"एक दिवस! एक दिवस मागितला मी तुझ्याकडे. एवढं पण जमलं नाही?"

"तिच्यावर कित्याक ओरडतंस?" शेवंती एकदम पुढे झाली. "ओरड माझ्यावर. मी हाडलंय तिका ह्या घरात."

"कशाला आणलंस, तेच सांग आता," प्रांजल म्हणाली. "तुला लवूकाकाचं माहीत होतं. तात्यांना?"

तात्या जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या फोटोला रोज हार घालणारी त्यांची अक्का क्षणभर त्या फोटोच्या दिशेने बघत राहिली, मधे भिंत होती तरी.

"तात्याच इलो माझ्याकडे," ती म्हणाली. "तुझी बारावी झाली तेव्हा. म्हणालो, अक्का, प्रांजूक बाहेर देऊन उद्या त्या लोकांच्या घरात असा काय उभा रवला, तर तोंड दाखवूक जागा नाय. आपल्या घरातलो दोष दुसऱ्याच्या घरात कित्याक धाडूचो? घरातलो दोष घरातच जिरता. तू घे तिका. मी म्हणालंय, आनंदान घेतंय. माझीच पोर ती." ती रडत नव्हती, रडण्याच्या पलीकडे कुठेतरी पोचली होती. "आमका वाटला, आम्ही शहाणपण केला."

तेलाचा वास घरभर झाला होता. वरून विमान गेलं, खिडकीची काच नेहमीसारखी थरथरली.

"जिरत नाही, आत्या," प्रांजल म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला, वर्गात धडा वाचून दाखवल्यासारखा. "उलटं असतं ते. एकाच बाजूने आलं असतं तर काही झालं नसतं. दडून राहिलं असतं, पिढ्यान्‌पिढ्या. दोन्हीकडून आलं म्हणून वर आलं. मला बाहेर दिली असती ना, कुठेही, कुणालाही, तर..."

ती थांबली. तर काय? तर डोळे धड असलेली एक मुलगी असती, कुठल्या तरी घरात. ती तीर्था नसती. हॉलमध्ये बसून टक्के मोजणारी, नारळाला हात जोडून हसू दाबणारी ही नसती. राग धरायलाही हिने जागा ठेवली नव्हती.

सर्वेश भिंतीला टेकून खाली बसला. "म्हणजे मी पण," तो म्हणाला. "माझ्याकडून पण."

"दोघांकडून, सर्वेश."

"काय चाललंय रे? वडे करपले की काय?" नंदकुमार आत डोकावला. एकेकाचा चेहरा बघत त्याचं हसू उतरत गेलं. सर्वेशने त्याला तीन वाक्यांत सांगितलं. तो स्टुलावर बसला. पहिल्यांदा म्हणाला, "अरे देवा." मग, "पोरगी ती, एवढीशी." आणि मग, खूप सावकाश, जणू प्रश्न दुसऱ्याच कुणाचा असावा तसं, "म्हणजे... मिथुनला पण दाखवायला लागेल काय?"

"वहिनी कल्याणच्या," प्रांजल म्हणाली. "बाहेरच्या. बहुतेक काही नसणार."

त्याच्या चेहऱ्यावर सुटका आली. क्षणभरच, तो वाईट माणूस नव्हता, त्याने लगेच मान खाली घातली. पण प्रांजलला ती दिसली. तिला हल्ली सगळंच दिसायचं. कोण कशाला अडखळतं, कोणाची नजर कुठे पोचते आणि कुठे पोचत नाही, तीन आठवडे ती दुसरं काही करतच नव्हती. आत्तापर्यंत या घरात सगळे एका बाजूला आणि तिची खडूची रेघ एका बाजूला असायची. आता नंदूदादा एका काठावर गेला, आणि उरलेले चौघे ज्या काठावर होते तिथे एकमेकांकडे बघायचीही कुणाची छाती नव्हती.

जेवणं झाली. वाढदिवस होता, जेवायला तर हवंच. तीर्थाने पडद्यासमोर ताट घेतलं. आज कुणी तिला नको म्हटलं नाही. शेवंतीने वाढलं, आणि रश्श्याची वाटी ताटाच्या डाव्या कडेला ठेवता ठेवता तिचा हात थबकला. तिने वाटी उचलून ताटाच्या मधोमध, भाताच्या जागी ठेवली.

"आज्जी, वाटी मधे?"

"असूंदे. आज तशीच रीत आसा."

प्रांजलने ते पाहिलं. लवूसाठीही हा हात अशीच वाटी ठेवत असेल, हे तिला आत्ता समजलं.

नंदकुमार पक्कड, टेस्टर बॅगेत भरून लवकर निघाला. 'मिथुनला क्लासवरून आणायचं आहे,' म्हणाला. मिथुन पंधरा वर्षांचा होता, रिक्षाने येत होता. दारात त्याने तीर्थाच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला. दशरथ गॅलरीत जाऊन बसले. नारळ अजून त्यांच्याजवळच होता. तो फोडायचा, की ठेवायचा, की कुणाला द्यायचा, हे त्यांना ठरवता येत नसावं.

मधे दोनदा नेट गेलं, म्हणून सव्वापाचला कुठे तीर्था किंचाळली, "शंभर!"

सर्वेश उठून तिच्याजवळ गेला. ठरल्याप्रमाणे वागायचं, एवढं एकच त्याला येत होतं. गाड्यांची शर्यत सुरू झाली. एक लाल गाडी तीर्थाची, एक पिवळी बापाची. चित्र तेवढंच, चारही बाजूंनी काळी पट्टी ठेवून. पहिल्या शर्यतीत तीर्थाची गाडी कठड्याला आपटली, दुसरीत झाडाला. बाजूने पिवळी गाडी येऊन पुढे गेली तरी तिला पत्ता नव्हता.

"बाबा, तू कुठून आलास?"

"बाजूने."

"दिसलाच नाहीस!" ती हसली. मग थोडा वेळ विचार करत बसली. कंट्रोलर हातात घेऊन उठली आणि सकाळसारखीच, डोळे पडद्याच्या मधावर ठेवून, मागे मागे जात स्वयंपाकघराच्या दारात फतकल मारून बसली. "आता ये."

या वेळी तिने बापाला हरवलं. सर्वेश मुद्दाम हरला की खरंच, ते प्रांजलला कळलं नाही. तो टीव्हीकडे तोंड करून बसला होता, आणि खांदे हलत होते.

"आई!" तीर्थाने हाक मारली. "इथून मस्त दिसतंय. इथे रेघ मार ना. तिथली पुसून टाक. म्हणजे मला रोज कळेल कुठे बसायचं ते."

खडू देव्हाऱ्याच्या खणात असायचा. प्रांजलने तो काढला. सहाव्या लादीवरची रेघ तिने ओल्या फडक्याने पुसली. इतक्या वर्षांची, पुन्हा पुन्हा गिरवलेली, सहजासहजी जाईना. मग अकराव्या लादीवर, लेकीच्या मांडीला लागून, गुडघे टेकून नवी रेघ ओढली.

बाहेर उतरतं ऊन होतं. शेवंती दिवा लावायला उठली होती, पण काडी न ओढता ओट्याशीच उभी होती. रेघेमागे स्वयंपाकघरात भिंतीला लागून तांदळाचा डबा होता, त्याच्यावर पिठाचा, शेजारी पाण्याचं पिंप. शेवंतीने पिठाचा डबा उचलून ओट्यावर ठेवला. मग तांदळाचा डबा दोन्ही हातांनी ओढत खिडकीखाली नेऊ लागली.

"आत्या, राहू दे. जड आहे."

"पुढल्या वर्षी लागात तिका जागा," शेवंती म्हणाली.

प्रांजल खडू हातात धरून तिथेच बसली. डबा सरकला तसं मागची लादी मोकळी झाली. मग आणखी एक. पिंप हलवलं तर तिसरी.

त्याच्यामागे भिंत होती.